पाणी पिणारं तेल

लातूरकराला पाण्याचं कौतुक कुणी सांगू नये. २०१६ मध्ये आम्ही मिरजेहून आगगाडीनं आलेलं पाणी प्यायलोय. त्यामुळे गॅरेजवाल्या चाचांनी ब्रेक ऑइलच्या डबीत पेनासारखं यंत्र बुडवलं, त्यावरचा लाल दिवा दाखवला आणि "सर, ह्यात पाणी आलंय" म्हणाले, तेव्हा मला आधी आनंदच झाला.

"कुठून आलं?"

"हवेतून."

एप्रिलचा महिना, ४२ अंश, आणि हवेत पाणी! मांजरा धरणाला जे जमेना ते या अर्ध्या लिटर तेलानं करून दाखवलं होतं. हे तेल ओलावा ओढतंच म्हणे. डॉट ४ या प्रतीचं कोरं तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी मुरलं की १५५ लाही उकळू शकतं. मग मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक तापले, तेलाची वाफ झाली, की पायडल सरळ तळाला आणि ब्रेक गायब. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. गाडी विकताना मेहुणा फक्त "दाजी, एकदम टकाटक" एवढंच बोलला होता. टकाटक तेलाचा रंग कडक चहासारखा होता.

हाताखालचं पोरगं लग्नाला गेलेलं. "पायडल तुम्हीच मारा," म्हणत चाचा जुनं तेल काढायला नळी-बाटली घेऊन मागच्या डाव्या चाकाच्या निपलशी, म्हणजे तेल सोडायच्या तोटीशी, आडवे झाले.

"मारा, मारा, मारा... धरा! निपल बंद केल्याबिगर सोडू नका, हवा घुसंल!"

नेमका तेव्हाच बायकोचा फोन.

"अहो, टँकर आलाय. कुठंयत?"

"ब्रेकवर पाय आहे."

"गाडी चालवताना फोन कशाला उचलता?"

"गाडी उभी आहे."

"मग ब्रेक कशाला दाबलाय?"

याचं उत्तर द्यायला निदान चार चाकं लागतात, आणि आमचं पहिलंच चालू होतं. खालून "धरा!" आणि फोनमधून "सोडा ते, घरी या!" पिंडरीला गोळा आला, पण पाय हलवला नाही. बाटलीतले बुडबुडे थांबेपर्यंत टँकर पुढच्या गल्लीत गेलेला होता.

शेवटी डबी भरताना थोडं तेल बॉनेटवर सांडलं. ते रंग खातं. चाचांनी गॅरेजमधला पिण्याच्या पाण्याचा अख्खा जार उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत बॉनेटवर ओतला.

बिलात तेल होतं, मजुरी होती आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं: जार, ३० रुपये.