औषध-चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं

‘हृदयरोगाच्या औषध-चाचणीत एकदा सही केली की सुटका नाही, बरंवाईट झालं तरी कोणी विचारत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. २०१९ च्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या’ नियमांनुसार सहभागी व्यक्ती कारण न देता केव्हाही बाहेर पडू शकते आणि तिचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावीच लागते. म्हणूनच संमतीपत्रात वारसाचं नाव विचारतात; वार्षिक उत्पन्नाचाही रकाना असतो. लोक नेमके तिथेच बिचकतात! संमतीपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका. नैतिकता समितीचा (सहभागींच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) संपर्क आणि सीटीआरआय, म्हणजे देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांकही आवर्जून मागा. तो क्रमांक ऑनलाइन कोणालाही तपासता येतो.