एमस्लीप टाकून मोकळं व्हायचं?

"पन्नास मिलिसेकंदांचा एमस्लीप टाक आणि मोकळा हो." (एमस्लीप म्हणजे कोडला ठरावीक वेळ नुसतं थांबवणारी हाक.) ऑडिओ ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाजाची चिप चालवणाऱ्या कोडच्या, रिव्ह्यूत हा सल्ला परवा पुन्हा ऐकला आणि डोकं सटकलं. म्हणून ही पोस्ट.

लिनक्सवर चालणारा बोर्ड. आवाज थांबला की काही सेकंदांत कोडेक (आवाजाची चिप) झोपतो, वीज वाचते. नेमका तेव्हाच हेडफोन लावला तर कधीतरी बोर्डाला तो दिसतच नाही, गाणं स्पीकरवरच. शोधायला प्रिंटके (कर्नेलमधून कन्सोलवर ओळ छापणारी हाक) घातला की बग गायब! भुताटकी नाही ही. ११५२०० बॉडच्या सिरियल कन्सोलवर ८० अक्षरांची ओळ जायला जवळजवळ ७ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात कोडच्या दोन भागांतल्या 'आधी कोण' या शर्यतीचा निकाल बदलतो.

झालं होतं असं. जॅक हलला की इंटरप्ट (हार्डवेअरची 'इकडे बघ' अशी हाक) येतो. पिन नीट बसेपर्यंत संपर्क थरथरतो, म्हणून ड्रायव्हर तपासणीचं काम २०० मिलिसेकंद पुढे ढकलतो. मधल्या वेळात सस्पेंड (चिपला झोपवणारा कोड) येऊन चिपचे क्लॉक आणि वीज देणारे रेग्युलेटर बंद करून जातो. मग ते काम उठून आय-टू-सीवरून (चिपशी बोलायच्या तारांवरून) चिपचं रजिस्टर वाचायला जातं, तर घराला कुलूप. त्या एररचा अर्थ आमचा कोड 'हेडफोन नाही' असा लावायचा. (ती ओळ माझीच होती.) इथे एमस्लीप म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

पहिल्या दुरुस्तीत मी जास्तच शहाणपणा केला. त्या कामाने आधी चिपला जागं करावं, आणि सस्पेंडने काम संपेपर्यंत थांबावं. दोन्ही एकदम! चिपला जागं करणारी हाक चालू सस्पेंड संपायची वाट बघते, सस्पेंड कामाची. दोघंही उंबऱ्यावर, "आधी तुम्ही". बोर्ड गार.

आता रनटाइम सस्पेंड (बोर्ड चालू असताना एकट्या चिपला झोपवणारा) कोणासाठीच थांबत नाही. ज्या कामाला चिप हवी, ते स्वतः तिला उठवतं आणि वाचून होईपर्यंत धरून ठेवतं. उठवणं फसलं तर एरर परत, अंदाज नाही. (चिपला उठवणारं कर्नेलचं जुनं फंक्शन गेट-सिंक फसलं तरी 'चिप किती जण वापरताहेत' ही मोजणी वाढलेलीच राहते. अनेक ड्रायव्हर त्यात अडकले, म्हणून २०२० मध्ये कर्नेलला, फसल्यावर मोजणी मागे घेणारं, रिझ्यूम-अँड-गेट मिळालं.) अख्खा बोर्ड झोपताना मात्र आधी इंटरप्ट बंद, मग काम रद्द. उलटा क्रम लावलात तर रद्द केलेलं काम इंटरप्ट पुन्हा रांगेत उभं करतो. आणि जाग आल्यावर जॅक नव्याने वाचायचा, जुन्या आठवणीवर जायचं नाही.

यावर रिव्ह्यूत पहिला प्रश्न काय? "एमस्लीपने चालत होतं ना?"

चालत होतं. माझ्या टेबलावरच्या एका बोर्डावर.