कॉप्टिकमध्ये बटाट्याला काय म्हणतात?

काका (वय ७४ आणि 'निवृत्त मास्तर' असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय), तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमच्या तीन मुद्द्यांपैकी निदान दीड मुद्दा मला कबूल करावाच लागणार.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा, फॅरोंच्या भाषेची शेवटची लेक, रोजच्या वापरात परत येऊ शकते. ज्यूंची हिब्रू परत आली, मग ही का नाही? त्यावर काकांचं म्हणणं असं: एक, 'कॉप्टिक बोलणारा शेवटचा माणूस सतराव्या शतकात वारला' हे माझं वाक्य बिनबुडाचं आहे. दोन, हिब्रूचा दाखला इथे लागूच होत नाही. आणि तीन, मेलेल्या भाषेला मळवट भरून मखरात बसवायची ही हौस आहे, 'प्रार्थनेच्या भाषेत कुणी भाजी आणत नाही. कॉप्टिकमध्ये बटाट्याला काय म्हणतात तेवढं सांगा, मग पुढचं बोलू.'

पहिल्या मुद्द्यावर शरणागती. वान्सलेब नावाचा युरोपीय प्रवासी १६७२-७३ मध्ये इजिप्तमध्ये फिरत होता. त्याला वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या इजिप्तमध्ये एक वृद्ध कॉप्ट (तिथला ख्रिस्ती) भेटला आणि याच्याबरोबर ही भाषा जाणार असं त्याने लिहून ठेवलं. त्याने काही गावोगाव शिरगणती केली नव्हती. शिवाय भाषा 'जाणणं' वेगळं आणि ती 'बोलणं' वेगळं. ही गोष्ट इतकी गोड आहे की मीही ती न तपासता उचलली. चूक झाली.

खरं तर भाषा अशी एका माणसाबरोबर जात नाही, खोली खोली रिकामी करत जाते. अरबांनी इजिप्त जिंकला सातव्या शतकात. ७०६च्या सुमारास सरकारी दफ्तर अरबीत गेलं. दहाव्या शतकात अश्मुनैनचे बिशप सेवेरुस तक्रार करतात की आपल्या लोकांना आता कॉप्टिक कळत नाही, आणि ते स्वतः अरबीत ग्रंथ लिहितात. बाराव्या शतकात कॉप्टिक चर्चचे प्रमुख, पोप गॅब्रिएल दुसरे (११३१ ते ११४५) यांनी चर्चमध्येही अरबीला वाट करून दिली. आणि तरीही पंधराव्या शतकात मक्रीझी हा मुसलमान इतिहासकार लिहितो की वरच्या इजिप्तमधल्या ख्रिस्ती बायकामुलांच्या तोंडी साहिदी, म्हणजे दक्षिणेकडच्या बोलीतली कॉप्टिकच आहे. कचेरीतून गेली, पोथीतून जायला लागली, पण चुलीपाशी टिकली. हे तुमच्या बाजूने आहे की माझ्या, ते तुम्हीच ठरवा.

मधल्या काळातली एक गोष्ट तुमच्यासारख्या मास्तरांना आवडेल. तेराव्या शतकात कॉप्ट पंडितांनी आपल्याच भाषेची व्याकरणं आणि अरबी अर्थांसह शब्दांच्या याद्या लिहायला घेतल्या. या यादीला ते 'सुल्लम' म्हणत, म्हणजे शिडी. स्वतःच्या मातृभाषेत चढायला माणसाला शिडी केव्हा लागते, हे मी तुम्हाला काय सांगावं! पण गंमत बघा, पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने असली हस्तलिखितं इजिप्तमधून मिळवली. (हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये गोव्यात उतरला. आपल्याकडे त्याची आठवण निघते ती गोव्याबद्दलच्या पत्रांसाठी.) त्या शिड्या किर्शर या जेझुइट पंडिताने १६४३ मध्ये रोममध्ये छापल्या, युरोपात कॉप्टिकचा अभ्यास उभा राहिला, आणि १८२२ मध्ये शांपोल्यॉं या फ्रेंच पंडिताला फॅरोंची चित्रलिपी उलगडली ती कॉप्टिक येत होती म्हणून. मेलेल्या भाषेने एवढं काम केलं, तर जिवंतपणी काय केलं असतं!

आता हिब्रू. इथे अर्धा मुद्दा तुमचा. हिब्रू बोलती करायला निघालेला बेन येहुदा १८८१ मध्ये पॅलेस्टाइनला गेला, पुढच्या वर्षी झालेल्या मुलाशी हिब्रूखेरीज दुसरं काही बोलायचं नाही असा पण केला, ही कथा मी रंगवून सांगितली होती. पण एका हट्टी बापामुळे भाषा उठत नाही. तिथे येणारा एक यिद्दिश बोलत होता, दुसरा लादिनो, तिसरा अरबी. एकमेकांशी बोलायला त्यांना समाईक भाषाच नव्हती. आपल्या अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल मराठी घेऊन तिथे उतरले, तेव्हा शेजारच्या मोरोक्कोवाल्या बाईशी बोलायला त्यांनाही हिब्रूच शिकावी लागली. तिथे गरज होती. कॉप्ट माणसाला ती नाही. त्याची आई, त्याचा पाद्री, त्याचा मुसलमान शेजारी, कोपऱ्यावरचा फूलवाला (फूल म्हणजे तिथली घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, फुलं नव्हेत), सगळे एकच इजिप्शियन अरबी बोलतात. त्यांच्यासाठी वेगळा प्रांतही नाही, ते देशभर विखुरलेले. म्हणून हिब्रूशी तुलना मी मागे घेतो.

पण त्यावरून तुम्ही 'म्हणजे संपलं' असं म्हणता, तिथे मात्र मी थांबणार नाही. आणि बटाट्याचं उत्तर द्यायचंच आहे.

बटाट्याला कॉप्टिकमध्ये अस्सल शब्द नाही. असणार कसा? बटाटा अमेरिकेतून आला, तोवर कॉप्टिक बाजारातून उठली होती. पण काका, आपल्याकडे तरी होता का? 'बटाटा' आपण पोर्तुगिजांकडून घेतला, इजिप्तवाले त्याला 'बतातिस' म्हणतात, आणि कुणाची अस्मिता दुखावत नाही. कॉप्टिकला तर उसनं घ्यायची जुनीच सवय. तिची लिपीच ग्रीक अक्षरांची. ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी इजिप्तच्याच जुन्या देमोतिक लिपीतून शाय, फाय, होरी अशी मोजकी अक्षरं उचलून जोडलेली. ग्रीक शब्द तर तिने पोत्याने घेतले. शब्दाच्या आधी 'पि' हे पुल्लिंगी उपपद (इंग्रजी 'the'सारखं) लावलं की शब्द आपला झाला: ख्रिस्तोस ग्रीक, पिख्रिस्तोस कॉप्टिक. त्याच न्यायाने 'पिबतातिस'. झालं. कांद्याला मात्र घरचा शब्द आहे, एमजोल. मसुरीलाही आहे, अर्शीन. भाजीवाल्याकडे निम्मी पिशवी तर भरली.

आणि 'प्रार्थनेच्या भाषेत भाजी आणत नाहीत' म्हणालात, तर ती प्रार्थना एकदा जवळून बघू या. मी कुवेतमध्ये होतो तेव्हा माझा एक सहकारी वरच्या इजिप्तमधल्या मिन्याकडचा कॉप्ट होता. ईस्टरच्या आधीचे ५५ दिवस त्याचा उपास, डब्यात दूध-अंडं-मटण काही नाही, फूल नाहीतर मसुरीचं सार. जेवायला बसताना तो पुटपुटायचा ती 'आमच्या बापा' ही ख्रिस्ती लोकांची नेहमीची प्रार्थना. त्यातली एक ओळ त्याने मला कागदावर फोडून दाखवली: 'पेनोइक एन्ते रास्ती, मीफ नान एम्फोऊ.' ओइक म्हणजे भाकरी. पेन म्हणजे आमची, पेनोइक आमची भाकरी. रास्ती म्हणजे उद्या. मीफ नान, ती आम्हाला दे. एम्फोऊ, आज. 'आमची उद्याची भाकरी आज आम्हाला दे.' बाकीच्या जगात ही 'रोजची भाकरी' असते, उत्तरेकडच्या बोहैरी कॉप्टिकमध्ये ती उद्याची आहे, ते वेगळंच. पण मुद्दा असा की एका ओळीत भाकरी, आज, उद्या, दे आणि आमचं-आम्हाला एवढं सामान आलं. याच प्रार्थनेत 'पेकरान' आहे, तुझं नाव. 'रान' म्हणजे नाव, 'पेक' म्हणजे तुझं. 'पेक' काढून 'पा' लावा: पारान, माझं नाव. ज्याला ही प्रार्थना पाठ आहे त्याच्याकडे स्वयंपाकघरात पुरेल एवढं व्याकरण आधीच आहे. त्याला ते फक्त ठाऊक नसतं.

हे काम घरातच झालंय, आणि आजचं नाही. क्लाउदियुस लबीब (१८६८ ते १९१८) यांनी कॉप्टिक-अरबी शब्दकोश काढायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत गेले. पण घरात मुलाबाळांशी ते कॉप्टिक बोलत. त्यातून समाज बोलायला लागला का? नाही. तुम्ही इथेच बोट ठेवणार, ठेवा. माझ्या मते एक मोठं कारण मात्र हौसेच्या अभावाचं नाही, भांडणाचं आहे, आणि ते आपल्याला अगदी ओळखीचं वाटेल.

१८५८च्या सुमारास, पोप सिरिल चौथे यांच्या काळात, एर्यान मुफ्ताह या शिक्षकांनी कॉप्टिकचे उच्चार आधुनिक ग्रीकप्रमाणे बसवले. ग्रीक चर्चशी जवळीक करायची होती, आणि अक्षरं ग्रीकच आहेत तर उच्चारही तेच असणार असा हिशोब. तेच उच्चार शाळांतून आणि चर्चमधून रुजले. मग १९७५ मध्ये एमिल माहेर यांनी ऑक्सफर्डच्या प्रबंधात दाखवून दिलं की म्हातारे लोक पूर्वी म्हणत ते वेगळं होतं. एकच शब्द नव्या पद्धतीत 'तूव्हो', जुन्यात 'तोवो'. 'आमचा बाप' नव्यात 'पेनियोत', जुन्यात 'बान्योत', कारण अरबी जिभेला 'प' नाही. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटाच्या भाषेचे शेवटचे बोलणारे निदान १९४८ मध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवले होते, शंका आली तर ऐकता येतं. कॉप्टिकचं तसलं काही नाही. त्यामुळे शंभरातले चार शिकायला बसले की त्यातले दोन 'शुद्ध कोणतं' यावर उठून जातात. प्रमाण मराठीवरून गावाकडच्या पोराला वर्गात हसणाऱ्या मास्तरांबद्दल तुम्हीच मागे एकदा लिहिलं होतंत. तेच हे.

मग 'रोजच्या वापरात' म्हणजे मला काय अपेक्षित आहे? मंडईत घासाघीस नव्हे, ते मी सोडलं. पण माझ्या त्या सहकाऱ्याची आई शेताबद्दल बोलताना जानेवारी-फेब्रुवारी म्हणत नाही. तिच्यासाठी तो तूबा आणि अम्शीर. हे कॉप्टिक महिने वरच्या इजिप्तमध्ये मुसलमान शेतकरीही तसेच वापरतो, जसा आपल्याकडे कॅलेंडर छापील असलं तरी पेरणी मृगावरच निघते. तूबात थंडी इतकी की 'तूबा तरण्या पोरीची म्हातारी करतो' अशी म्हण आहे. अम्शीर वाऱ्याचा. विटेला तिथे 'तूबा' म्हणतात (महिन्याशी संबंध नाही, तो वेगळा शब्द), तोही कॉप्टिकमधून अरबीत आलेला, आणि पुढे स्पेनपर्यंत जाऊन 'अदोबे' झालेला. पोरांची नावं शनूदा, बिशोय, अबानूब. हे सगळं मेलेलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. झोपलेलं म्हणा, तेवढं चालेल.

एक राहिलं. 'हे शेवटी अस्मितेचं राजकारण' या तुमच्या ओळीवर मी लांबलचक काही लिहीत नाही. काहींच्या बाबतीत असेल. माझ्या मित्राच्या बाबतीत ते मुलीला आजोळचं काहीतरी देण्यापुरतं आहे.

तो आता कुवेत सोडून अमेरिकेत गेलाय. तुमची प्रतिक्रिया आल्यावर त्याला फोन करून बटाटा आणि कांदा दोन्ही विचारले. बटाट्याला तो खूप हसला. कांदा त्याला आठवेना, क्रम नावाच्या पंडिताच्या कॉप्टिक शब्दकोशात बघून सांगतो म्हणाला. मागून त्याची नऊ वर्षांची मुलगी काहीतरी ओरडत होती. विचारलं तर कळलं, चर्चच्या वर्गात नव्या शिक्षकांनी जुना उच्चार शिकवलाय, त्यामुळे ती रोज रात्री बापाला अडवते: 'पेनियोत नाही बाबा, बान्योत!' तो म्हणतो, माझ्या आजीपासून आम्ही पेनियोतच म्हणतोय. जेवण थंड होईपर्यंत त्यांचं हे चालतं. भांडतात अर्थात अरबीत. पोरगी चिडली की इंग्रजीत.