अर्ध्या तासाचा परदेश

एम.ए. झाल्या झाल्या मला समरकंदच्या एका विद्यापीठात वर्षभर इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. सदाशिव पेठेतल्या आमच्या जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "परदेश म्हणजे नक्की कुठे गं?" उझबेकिस्तान म्हटल्यावर त्यांनी आईकडे असं पाहिलं, की जणू मला एटीकेटी लागलीय. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत. काका म्हणाले, "बाबर अंदिजानहून निघून इकडे आला, तू उलटी चाललीस." मग आवाज खाली आणून, "शास्त्रीजी १९६६ साली ताश्कंदलाच गेले हो. तब्येतीला जप."

खरा घात केला घड्याळानं. उझबेकिस्तान आपल्यामागे फक्त अर्धा तास. काकू रोज रात्री ऐटीत म्हणायच्या, "आत्ता तिकडे सकाळ असेल." आईनं काय म्हणायचं? "आत्ता तिकडे साडेआठ"? इकडे नऊ वाजलेले असताना?

वर्गात पहिल्याच आठवड्यात एका मुलानं विचारलं, "हा 'द' कशाला लागतो?" हा प्रश्न मलाही शाळेपासून पडलाय, पण पगार घेऊन तसं सांगता येत नाही. उझबेकमध्ये 'द' नाही, मराठीतही नाही. क्रियापद त्यांचं शेवटी, आपलंही शेवटी. त्यांच्या वह्या तपासताना मला माझ्याच जुन्या चुका नव्या अक्षरात भेटत. शिवाय शहर, बाजार, दोस्त हे शब्द दोघांकडे. एक जण कानकोंडा होऊन म्हणाला, "दफ्तर विसरलो." मी म्हटलं, "अख्खं?" तिकडे दफ्तर म्हणजे साधी वही.

या ओळखीच्या शब्दांनी मला पुरतं गाफील केलं. सियाब बाजारात गेले, भाज्यांचे ढीग पाहिले आणि आत्मविश्वासानं म्हटलं, "सब्जी." विक्रेत्यानं गाजरं दाखवली. मी हातानंच खूण केली, हे एकच नको, सगळ्या प्रकारची. त्याचा चेहरा उजळला. त्यानं पिवळी गाजरं घातली, केशरी घातली, वर दोन जाडजूड आपल्या मनानं घातली. मी मंडईतल्या सवयीनं कोथिंबीर फुकट मागणार होते, पण शब्द सुचेना. त्यानं आणखी एक गाजर दिलं. उझबेकमध्ये सब्जी म्हणजे गाजर, हे मला होस्टेलच्या स्वयंपाकघरात कळलं. आठवडाभर कोशिंबीर, मग भाजी, मग हलवा. फोनवर आई म्हणाली, "डोळे तरी चांगले होतील."

पण माझी हाडं खिळखिळी केली ती 'ही' आणि 'शी'नं. उझबेकमध्ये तो, ती, ते सगळ्यांना एकच 'उ'. आपल्याकडे टेबलालासुद्धा लिंग, आणि त्यांच्याकडे आजीलाही नाही! माय ग्रँडमदर, ही कुक्स. माय फादर, शी ड्राइव्ज. मी फळ्यावर बाहुल्या काढल्या, फ्रॉक काढला, मिशा काढल्या. परीक्षेत एकीनं बिनचूक लिहिलं, तेव्हा मी तिला आख्खी चिक्की दिली. पुढच्याच ओळीत तिचा भाऊ 'शी' होता.

पुण्यात परत येऊन महिना झाला, तेव्हा तिचा व्हॉइस मेसेज आला. स्पीकरवर लावला. "टीचर, माय मदर इज फाइन. ही सेज हॅलो."

मी कपाळावर हात मारला. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "बरोबर आहे की. आई म्हणजे 'ही'च. तू कशाला तिला 'शी' म्हणायला लावतेस?"