सेफ्टी शूज बोटांना ठीक, घोट्याचं काय?

भाऊ, रायडिंग बुटांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही वाळूजला कामाला आहात, जूनमध्ये बुलेटवर लेहला निघताय. तुमचे आक्षेप दोन: कंपनीचे लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज असताना सात-आठ हजारांचे रायडिंग बूट कशाला, आणि आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत पोटरीपर्यंत बूट घालून पाय उकडून निघतील त्याचं काय. शिवाय मी दुकानदारांची जाहिरात करतो, असंही तुम्ही लिहिलंय. माझे बूट मी माझ्या पैशांनी घेतलेत, एवढंच त्यावर सांगतो.

उन्हाचं तुमचं म्हणणं खरं आहे. वॉटरप्रूफ बूटच घ्या असं मी सरसकट लिहिलं, ते आपल्या भागासाठी चुकलं. पाणी अडवणारा आतला पडदा हवाही कमी खेळू देतो. आठ महिने उन्हात गाडी चालवणाऱ्याने जाळीचे किंवा बारीक छिद्रांचे बूट घ्यावेत, पावसाळ्यात वरून रेनकव्हर चढवावं. लेहच्या वाटेवरच्या ओढ्यांत तर पाणी बुटाच्या वरच्या तोंडातूनच शिरतं, आणि वॉटरप्रूफ बुटातून ते लवकर बाहेरही पडत नाही. मोजे मात्र सुती नकोत. घाम धरून ठेवतात आणि टाचेला फोड येतात.

सेफ्टी शूजच्या बाबतीत मी मागे हटणार नाही.

ती टोपी २०० ज्यूलचा मार सोसते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून बोटांवर पडलं तरी बोटं वाचतात. कंपनीत हाच धोका असतो. गाडीवर वजन वरून बोटांवर पडत नाही, गाडी आडवी होते आणि पाय तिच्याखाली सापडतो.

माझाच सापडला होता. तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, मंठ्याहून जिंतूरकडे जाताना. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने डांबरावर काळी माती आणून टाकलेली, वर भुरभुर पाऊस. वेग वीसच्या आतच असेल. पुढचं चाक लोण्यावरून सरकावं तसं सरकलं, गाडी डावीकडे पडली आणि पाय फूटरेस्टमागे अडकला. पायात तुमच्यासारखेच सेफ्टी शूज होते. टोपीवर ओरखडासुद्धा नव्हता. पण तिच्या मागे नुसतं मऊ चामडं, त्यामुळे टाच एकीकडे आणि नडगी दुसरीकडे पिळली गेली. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. साडेतीनशेची बुलेट १९५ किलोच्या आसपास भरते, तेवढं वजन घोट्यावर यायला वेग लागत नाही.

म्हणून बूट घेताना बोटांआधी घोटा बघा. दुकानात बूट हातात घ्या, टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात, आणि ओलं धोतर पिळतो तसा पिळा. सहज पिळला गेला तर परत ठेवून द्या. मग चवड्याच्या रुंद भागावर दोन्ही बाजूंनी दाबा, तळवा मिटता कामा नये. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंना अंगठ्याला कडक वाटी लागली पाहिजे. कित्येक बुटांत ती फक्त बाहेरून असते, किंवा नुसता स्पंज असतो.

आत शिक्का शोधा: मोटारसायकलस्वाराचं चित्र, ईएन १३६३४ हा युरोपीय मानकाचा क्रमांक, आणि खाली १ किंवा २ असे चार आकडे. ते क्रमाने बुटाची उंची, घासण्याला टिकाव, कापण्याला टिकाव आणि आडव्या दाबाला ताठरपणा सांगतात. माझ्यासारखी पडझड झाली तर चौथा आकडा कामाला येतो, तो २ असेल तर उत्तम. एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: घोट्याला बसणाऱ्या माराची चाचणी यात सक्तीची नाही. ती झाली असेल तर आयपीए ही इंग्रजी अक्षरं वेगळी छापलेली असतात. चारही आकडे २ असून ती अक्षरं नसतील, तर घोट्याची ती चाचणी झालीय असं धरू नका.

लेस नकोच. सुटलेली लेस गिअरच्या दांडीत किंवा फूटरेस्टला अडकली तर सिग्नलला पाय टेकायच्या वेळी कळतं. चेन आणि वर वेल्क्रोची पट्टी बरी. माप संध्याकाळी बघा, पाय दिवसभरात फुगतात. आणि स्वस्तात जुने मिळाले तर तळवा वाकवून बघा. पॉलियुरेथेनचे तळवे नुसते पडून राहिले तरी काही वर्षांत भुगा होतात.

बजेटच नसेल तर बॅग आणि मोबाइल होल्डर पुढच्या वर्षी घ्या, बूट आधी. आणि नवे बूट थेट लेहला नेऊ नका. पंधरा दिवस आधी घालून खुलताबाद-वेरूळला दोन-तीन फेऱ्या मारा. बुटाचं टोक गिअरच्या दांडीखाली सहज जातं का तेही कळेल. जात नसेल तर बूट बदलण्याआधी दांडी एक दाता वर बसवून घ्या, गॅरेजवाला पाच मिनिटांत करून देतो.