विरळ होत चाललेल्या सज्जनांसाठी काही सूचना

केस गळू लागले की सर्वप्रथम पाण्याला दोष द्यावा. आपण कोणत्याही शहरात राहत असलात तरी तेथील पाणी अलीकडे बिघडलेले असतेच, त्यामुळे या विधानाला सहसा कोणी हरकत घेत नाही. सोसायटीत बोअरचे पाणी येत असेल तर उत्तम. टँकर येत असेल तर प्रश्नच मिटला. पाण्यानंतर हेल्मेटचा क्रमांक लागतो, मग शाम्पूचा, मग साहेबांनी दिलेल्या ताणाचा. एवढे आरोपी तपासून होईपर्यंत दोन वर्षे सहज निघून जातात आणि तेवढ्या अवधीत कपाळ दोन बोटे वर सरकते. त्याच टाकीतल्या पाण्याने न्हाणाऱ्या पत्नीची वेणी जशीच्या तशी कशी राहिली, असा प्रश्न मनात आलाच तर तो मनातच ठेवावा.

घरातील वडीलधाऱ्यांना मात्र पाण्याचे कारण पटत नाही. त्यांना वंशावळ लागते. आई म्हणते की हे सगळे वडिलांकडच्या घराण्याचे देणे आहे, आणि वडील काहीही न बोलता भिंतीवरच्या फोटोतील आपल्या सासऱ्यांकडे पाहतात. विज्ञानाने या भांडणात दोन्ही पक्षांना थोडे थोडे दोषी धरले आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचे संप्रेरक तयार होते, आणि ज्यांच्या टाळूवरील केसांची मुळे ते वाजवीपेक्षा जास्त मनावर घेतात, त्यांचे केस प्रत्येक नव्या फेरीत आधीपेक्षा बारीक उगवत उगवत शेवटी लव होऊन राहतात. हा हळवेपणा मातुल आणि पितृक अशा दोन्ही बाजूंनी येतो. षंढांना टक्कल पडत नाही, अशी नोंद ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या सूत्रांत आहे, आणि वयात येण्यापूर्वीच अंडग्रंथी गमावलेल्या पुरुषांचे केस शाबूत राहतात, हे विसाव्या शतकात जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने पाहून ठेवले. म्हणजे टकलावरचा खात्रीचा प्रतिबंधक उपाय मनुष्यजातीला सुमारे चोवीसशे वर्षे ठाऊक आहे. केसांसाठी वाट्टेल ते करायला तयार असल्याचे सांगणाऱ्यांपैकी कोणी या उपायासाठी नाव नोंदवल्याचे मात्र ऐकिवात नाही.

कारणमीमांसा आटोपली की मोजणीला लागावे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतले रोजचे पन्नास ते शंभर गळणे अगदी सर्वसामान्य आहे, असे डॉक्टर सांगतात. आपण अर्थातच त्यांच्या शब्दावर विसंबून राहू नये. न्हाणीघराच्या जाळीवर अडकलेले केस चिमटीने उचलावेत, पांढऱ्या फरशीवर एकेक सुटा करून मांडावा आणि मोजावेत. मी हा उद्योग एका श्रावणात सलग नऊ दिवस केला. दहाव्या दिवशी मोजलेल्या त्र्याऐंशी केसांपैकी निम्मे हातभर लांब असल्याचे माझ्या लक्षात आले आणि मोजणी थांबवावी लागली.

यानंतर भांगाचे स्थलांतर सुरू होते. ज्युलियस सीझर मागचे केस पुढे ओढून घेत असे आणि सेनेटने दिलेल्या सर्व मानसन्मानांत त्याला पानांचा मुकुट कायम घालण्याचा अधिकार सर्वांत प्रिय होता, असे रोमन चरित्रकार लिहून गेले आहेत. आपल्याला कोणी मुकुट देणार नाही, म्हणून कानाच्या वरून भांग पाडावा आणि तेथले लांब वाढवलेले केस पलीकडच्या कानापर्यंत पोहोचवावेत. ही युक्ती क्षुल्लक समजू नये. फ्लोरिडातील एका बापलेकांनी तीन दिशांचे केस एकावर एक घेऊन टक्कल झाकण्याच्या पद्धतीचे १९७७ साली अमेरिकेत रीतसर पेटंट घेतलेले आहे. मात्र लोकलच्या दारात उभे राहू नये आणि जूनमध्ये समुद्राकडे पाठ करूनच चालावे, म्हणजे वारा निदान केसांच्या दिशेने वाहील.

आपला न्हावी या काळात आपल्याशी अत्यंत माणुसकीने वागतो, याची नोंद फारसे कोणी घेत नाही. केस कापून झाल्यावर छोटा आरसा मागे धरून "बघा, ठीक आहे ना?" असे विचारण्याची त्याची रीत असते. गेली वीस वर्षे माझे केस कापणाऱ्या गृहस्थांनी एके दिवशी तो आरसा उचलला, माझ्या डोक्यामागे अर्ध्यापर्यंत आणला, क्षणभर थांबले आणि पुन्हा खणात ठेवून दिला. त्यानंतर तो आरसा मी पाहिलेला नाही. पुढे झालेल्या कोणत्याही तपासणीत माझ्या अवस्थेचे इतके अचूक निदान झाले नाही.

घरगुती उपायांवर फार वेळ दवडण्याचे कारण नाही, कारण ते आपल्याला न विचारताच सुरू होतात. माक्याचे तेल, जास्वंदीच्या पाकळ्या, वडाच्या कोवळ्या पारंब्या आणि आवळा यांतून वाटचाल करीत प्रत्येक मराठी डोके अखेरीस कांद्याच्या रसापाशी येऊन थांबते. भाव पडला म्हणून शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो तेव्हा आपणही डोक्यावर ओतत असतो, एवढीच काय ती सामाजिक बांधिलकी. दोन वेळा धुऊनही वास जात नाही. घाम आला की पुन्हा भजी तळल्यासारखे होते. बाजारातल्या तेलांविषयी एक जाता जाता सांगतो. कोणते आजार बरे करण्याचा दावा औषधाने करूच नये, याची एक यादी आपल्या औषधविषयक नियमांच्या 'जे' या अनुसूचीत आहे आणि तिच्यात टक्कल स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. पण बाटलीवरचा मजकूर वाचताना कोणी अनुसूची उघडून बसत नाही, आणि आपणही बसू नये.

टोपाचाही विचार करून पाहावा. तिरुपतीला भाविक जे केस वाहतात त्यांचा देवस्थानाकडून लिलाव होतो आणि त्यांचे पुढे टोप होतात. दुसऱ्याने फेडलेला नवस आपल्या डोक्यावर मिरवण्याची ही सोय तशी पुण्यप्रदच म्हणायची, फक्त मे महिन्यात ती सोसत नाही.

मग औषधे. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागल्यामुळे त्याची ही दुसरी योग्यता उघडकीस आली, आणि १९८८ साली अमेरिकेत ते डोक्याला लावण्याच्या रूपात मंजूर झाले. फिनास्टराइड हे प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी निघालेले औषध १९९७ पासून तेथे कमी मात्रेत केसांसाठीही दिले जाते. म्हणजे टकलासाठी म्हणून खास कोणी काही शोधले नाही. रक्तदाब आणि प्रोस्टेट यांच्या पंगतीत जे उरले ते आपल्या पानात पडले. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात आणि फिनास्टराइडने थोड्या पुरुषांची कामेच्छा मंदावते. केस ज्या कारणासाठी हवे होते ते कारणच उरत नाही, हा योगायोग त्या थोड्यांनी खिलाडूपणे घ्यावा. दोन्ही औषधे खरोखर उपयोगी पडतात, परंतु ती थांबवली की काही महिन्यांत आपण मूळ पदावर येतो, म्हणून लग्नाप्रमाणे हाही जन्माचा व्यवहार समजूनच त्यात पडावे.

आता मुख्य विषय. सल्ला मोफत असल्याचे वाचून मीही एका केशरोपण केंद्रात जाऊन आलो. समोर बसलेला समुपदेशक पंचविशीचा होता आणि त्याचे केस इतके दाट होते की त्याला नोकरी कशाच्या बळावर मिळाली असावी, हे वेगळे विचारावे लागले नाही. त्याने लेखणीएवढा कॅमेरा माझ्या टाळूवर टेकवला आणि भिंतीवरच्या पडद्यावर मराठवाड्यातील मे महिना दिसू लागला. टक्कल मोजण्याच्या नॉरवूड यांच्या सात पायऱ्यांच्या तक्त्यात मी पाचवीत असल्याचे त्याने सांगितले. शाळेत पाचवीत मी पहिला आलो होतो, हे मी त्याला सांगितले नाही. मग त्याने काळ्या मार्करने माझ्या कपाळावर नवी सीमारेषा आखली. ती मी कॉलेजात असतानाच्या जागेपेक्षाही खाली होती. तीन हजार ग्राफ्ट लागतील, दर प्रत्येक ग्राफ्टमागे, सवलत शनिवारपर्यंत, हप्ते बिनव्याजी. ग्राफ्ट म्हणजे एक केस की अनेक, असे विचारताच तो प्रसन्नपणे म्हणाला, "एक ते चार, सर, तुमच्या नशिबावर आहे."

या व्यवहाराचे मर्म ज्याला सरकारी अर्थसंकल्प समजतो त्याला लगेच कळते. डोक्याच्या मागच्या व बाजूच्या पट्ट्यातील केस डीएचटीला दाद देत नाहीत, आणि तेथून उचलून पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यू यॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५२ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून १९५९ मध्ये हे तत्त्व मांडले, आणि सगळा धंदा त्यावर उभा आहे. नवा केस एकही निर्माण होत नाही. एका लेखाशीर्षाखालचा निधी दुसऱ्या लेखाशीर्षाखाली वळवला म्हणजे तिजोरीत रुपयाही वाढत नाही, पण समोरच्या बाजूला कोनशिला बसवता येते. येथे फरक इतकाच की शीर्ष एकच असते. मागचा साठा मर्यादित आहे, एकदा काढलेले मूळ तेथे पुन्हा उगवत नाही, आणि रोपणानंतरही मधल्या मूळच्या केसांची गळती आपल्या गतीने चालूच राहते. त्यामुळे पंचविशीत घाईने पुढची ओळ लावून घेतलेल्या सद्गृहस्थाला पुढे तटबंदी उभी आणि आत मैदान मोकळे, असा किल्ला चाळिशीत लाभू शकतो. हे सारे समुपदेशकाला विचारून त्याचा दिवस खराब करू नये.

मूळ काढणारी नळी प्रत्यक्षात कोणाच्या हातात असेल, हेही विचारू नये. नुसत्या कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून केशरोपण करू लागणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली लेखी सांगावे लागले. असे काही कोणी करीत नसते तर ते सांगण्याची पाळी का आली असती, एवढा तर्क आपण करू शकतो. पण आपले लक्ष तोपर्यंत पावतीवर गेलेले असते. जीएसटीत वैद्यकीय उपचारांना माफी आहे, मात्र अपघात वा जन्मजात दोष वगळता केशरोपणाला ती नाही, आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. 'खल्वाट क्वचितच निर्धन असतो' हे वचन फार जुने आहे. त्या काळी ही सोय नसल्यामुळे त्याला निर्धन होण्याची संधीच मिळत नव्हती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आधी उरलेले केस भादरले जातात, म्हणजे ज्याच्या भीतीने आपण येथवर आलो तेच पहिल्या दहा मिनिटांत उरकते. मग टाळूत बधिरतेच्या सुया टोचतात आणि आपण काही तास पालथे पडून राहतो. मिलिमीटरहून बारीक तोंडाच्या नळीने एकेक मूळ उपटून थंड द्रावणात ठेवले जाते आणि परिचारिका मेथी निवडावी तशी ती निवडतात. पुढचे काही दिवस उशा रचून अर्धवट बसून झोपावे लागते, कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरते, आणि रजेच्या अर्जात लिहिलेली भाचीची मुंज लांबवत न्यावी लागते. भाचीची मुंज होत नसते, हे साहेबांच्या ध्यानात येईपर्यंत खपल्या पडून गेलेल्या असतात. आणि मग, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, लावलेले केसही गळून पडतात. हे अपेक्षितच असते. मुळे आत शाबूत असतात, तीन-चार महिन्यांनी कोंब दिसू लागतात आणि पूर्ण पीक हाती यायला वर्ष लागते. ज्यांना तेवढेही सोसते आणि सुटीही मिळते, ते इस्तंबूलला जाऊन येतात. तेथील विमानतळावर डोक्याला पट्ट्या बांधलेले पुरुष इतके दिसतात की, कोणाला आपली लाज वाटत नाही.

मी यांपैकी शेवटचे काही केले नाही. शनिवारची सवलत हुकली आणि रविवारी मी त्याच न्हाव्याकडे जाऊन सगळे उतरवून टाकले. हा मार्ग मी कोणाला सुचवणार नाही, कारण आपल्याकडे पुरुषाच्या तुळतुळीत डोक्याचा अर्थ एकच होतो.

सोमवारी सकाळी जिन्यात तळमजल्यावरचे काका भेटले. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले, पिशवी खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारले, "कधी गेले रे?"

इतक्या आस्थेने हा विषय कोणी काढला नव्हता. मी म्हटले, "हळूहळूच गेले, काका. दहा-बारा वर्षे चालले होते."

"फार त्रास झाला का?"

"सुरुवातीला झाला. नंतर मनाची तयारी झाली होती."

"औषधपाणी?"

"सगळे करून पाहिले. शेवटी डॉक्टरही म्हणाले की, आता मागचे पुढे करण्यात अर्थ नाही."

काकांनी डोळे पुसले. बाबा दोन महिने नाशिकला भावाकडे होते आणि त्याच दुपारच्या गाडीने परतले होते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. संध्याकाळी ते आणि काकू पांढरे कपडे करून वर आले, त्यांनी बेल न वाजवता हलकेच कडी वाजवली, आणि दार बाबांनी उघडले.