आणि ही आपली…

ऑफिसात नव्याने लागलेल्यांनी काम नंतर शिकावं. आधी कोणाला काय म्हणायचं ते शिकावं. याचं ट्रेनिंग एचआर देत नाही, म्हणून मी देते. माझी पात्रता विचाराल, तर परवा बाहेरून क्लायंट आले होते आणि आमच्या विभागप्रमुखांनी टीमची ओळख करून दिली ती अशी : "हे अमुक सर, प्रॉडक्शन बघतात. हे तमुक सर, परचेस. आणि ही आपली…" पुढे माझं नाव, तेही अर्ध्यावर तोडलेलं. मी कॉस्टिंग बघते हे सांगायचं राहूनच गेलं. अमुक सर माझ्याच ग्रेडचे. तमुक सर माझ्यानंतर लागलेले. थोड्या वेळाने क्लायंटपैकी एकाने मला विचारलं, एसी जरा कमी करायला सांगता का कुणाला. त्याचा तरी काय दोष? 'ही आपली' म्हटल्यावर माणूस दुसरं काय सांगणार.

तर, वही काढा.

पहिला धडा : माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या खुर्चीकडे बघा. जो सही करतो तो 'सर'. जो सही करणाऱ्याची वेळ मिळवून देतो तोही 'सर', किंबहुना जास्तच. सही झालेला कागद तुमच्या टेबलावर आणून देतो तो 'अरे'. कधी गोंधळ झालाच तर बसायची जागा बघा. केबिनला दार असेल तर 'आपण', नुसतं पार्टिशन असेल तर 'तुम्ही', आणि तेही नसेल तर लांबून हाक मारायला हरकत नाही.

बढतीचं लक्ष ठेवा. कालपर्यंत ज्याच्या खांद्यावर हात टाकून 'काय रे' म्हणत होतात, त्याची ऑर्डर निघाली की जेवणाच्या सुट्टीच्या आत 'काय म्हणता सर' यायला हवं, आणि तेही अडखळता कामा नये. उलटंही शिकून घ्या. रिटायर झालेले साहेब फंडाच्या कागदांसाठी आले तर 'या, बसा' म्हणावं, पण स्क्रीनवरून नजर न काढता.

एका वाक्यात किमान दोन 'सर' : "सर, बरोबर आहे सर."

असं बोलणं बंद करू पाहणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या माथूर ग्रामपंचायतीने २०२१ साली ठरवलं की कार्यालयात येणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांना 'सर', 'मॅडम' म्हणायची गरज नाही, नावाने किंवा हुद्द्याने बोलावं. त्याआधी २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशातल्या कार्यक्रमांपुरतं 'महामहिम' काढून टाकायला सांगितलं होतं. राष्ट्रपतींना ते ओझं झालं असेल. आमच्या स्टोअरच्या इन्चार्जना अजून काही जड वाटलेलं नाही. त्यांना नुसतं 'इन्चार्ज' म्हटलं तर मटेरियल दोन दिवस सापडत नाही.

ईमेल लिहिताना 'डिअर सर' लिहावं, मग पलीकडे कोणीही असो. माझं नाव माझ्या ईमेलच्या पत्त्यातच आहे, पण ते वाचायला वेळ कुणाला.

'बेटा' हा शब्द पुरुषाने बाईला कोणत्याही वयात वापरावा; माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेल्यानेही वापरलेला आहे.

आता 'फ्लॅट कल्चर'चा धडा. काही ऑफिसांत पहिल्याच दिवशी सांगतात की आमच्याकडे सर-बिर काही नाही, सगळे पहिल्या नावाने. ऐकायला छान वाटतं. इंग्रजी चालू असेपर्यंत टिकतंही. कॉल संपला, मराठी सुरू झालं, की साहेब तुम्हाला 'तू' आणि तुम्ही साहेबांना 'तुम्ही'. फ्लॅट ते वरच्या मजल्यावरून बघणाऱ्याला दिसतं. असं म्हणणाऱ्याला स्वीडनचा दाखला फार आवडतो. तिथे १९६७ साली सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी रुजू होताना जाहीर केलं की मी सगळ्यांना पहिल्या नावाने आणि एकेरीत बोलणार, आणि तुम्हीही माझ्याशी तसंच बोला. आमच्याकडे या गोष्टीचं पहिलं वाक्य पोचलं. दुसरं वाटेत कुठे गळालं कोण जाणे.

भांडताना मात्र एकेरीवर येऊ नका, ते खालच्या दर्जाचं दिसतं. "आपण जरा ती फाइल बघण्याचे कष्ट घेतलेत तर बरं होईल" असं म्हणा. समोरचा घरी जाऊन जेवणार नाही.

आता सगळ्यात सोयीचा धडा : नाती लावा. ज्याला 'तुम्ही' म्हणायचं जिवावर येतं, त्याला सरळ नात्यात घ्या. मजला पुसणाऱ्या त्या मावशी. गेटवरचे ते काका. लिफ्टजवळचा तो मामा. एकदा नातं लावलं की एकेरी फुकट मिळतं, वर तुम्ही प्रेमळही ठरता. "ए मावशी, इकडे ये गं, इथे सांडलंय." कोणी हटकलंच तर म्हणायचं, अहो, घरी नाही का आपण मावशीला 'तू' म्हणत? म्हणतो की! पण घरातल्या मावशीला कोणी टिचकी वाजवून बोलावत नाही. घरातल्या मावशीचं आडनाव माहीत असतं, तिचा गुडघा दुखतो हे माहीत असतं, ती चार दिवस दिसली नाही तर फोन जातो. आमच्याकडच्या मावशी पंधरा दिवस आल्या नव्हत्या. ऑफिसात एवढंच विचारलं गेलं की पँट्रीतला कचरा कोण उचलणार. पंधरा दिवसांनी त्या आल्या तर काल लागलेला ट्रेनी, ज्याला अजून स्वतःचा पंचिंग कोड पाठ नाही, तो म्हणतो, "काय गं मावशी, कुठे गायब होतीस?" तेवीस वर्षांचा मुलगा. त्या साठीला आलेल्या. आणि हाच मुलगा दहा मिनिटांनी विभागप्रमुखांच्या दारात हात मागे बांधून उभा : "मे आय कम इन सर?" त्याला ही भाषा कोणी शिकवली? आम्हीच. तो आला तेव्हा त्याने आठवडाभर सगळ्यांना 'अहो' म्हटलं होतं, शिपायालासुद्धा. आम्ही हसलो. "अरे, त्यांना काय अहो म्हणतोस, डोक्यावर बसतील!" हे वाक्य आमच्याच टेबलावर बोललं गेलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. डोक्यावर बसतील! फरशी पुसायला वाकलेली बाई कुणाच्या डोक्यावर बसणार आहे हो?

आणखी तीन धडे लिहायचे होते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाच्या वाढदिवसाला हात जोडायचे आणि कोणाच्या वाढदिवसाला नुसता केक टाकायचा, वगैरे. राहू दे ते. हसत हसत लिहायचं ठरवलं होतं, पण आता ते जमत नाहीये.

तुम्हाला येत नाही असं नाही. साहेबांचा फोन आला की तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहता, पलीकडून दिसत नसताना. म्हणजे जीभ वळते, पाठही वळते. हा अडाणीपणा नव्हे, हा हिशेब आहे. कोणाकडून अप्रेझल मिळणार, कोणाकडून काही मिळणार नाही, याचा हिशेब, आणि तो तुम्ही रोज तोंडाने मोठ्याने वाचून दाखवता.

त्या बाईंना नाव आहे. गळ्यातल्या ओळखपत्रावर मराठीत छापलेलं आहे, तुमच्या नावाहून मोठ्या अक्षरात. ते वाचा आणि पुढे 'ताई' किंवा 'बाई' लावून 'अहो' म्हणा. शिपायाला 'द्या' म्हणा, 'दे' नको. बरोबरीच्या बाईला तेच म्हणा जे बरोबरीच्या पुरुषाला म्हणता. तो 'सर' असेल तर ती 'मॅडम', तो नुसत्या नावाने असेल तर तीही नुसत्या नावाने, आणि अख्ख्या नावाने. यासाठी ठराव लागत नाही, कमिटी लागत नाही, वर्कशॉप तर मुळीच नको. वर्कशॉपमध्ये तुम्ही चहा देणाऱ्याला 'ए' म्हणणार, हे मला माहीत आहे.

आणि 'माझा स्वभावच मोकळा आहे, मी सगळ्यांशी असाच बोलतो' हे मला तरी ऐकवू नका. सगळ्यांशी नाही बोलत तुम्ही. उद्या सकाळी एमडींच्या केबिनमध्ये जा, दार ढकला आणि म्हणा, "काय रे, कुठे होतास?" मी बाहेर उभी राहते.